टाकीच्या तळापासून काट्यापर्यंत

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल किती उरले आहे हे पाहायचे, तर चालकाला आधी जागेवरून उठावे लागे. बहुतेक गाड्यांत टाकी त्याच्याच आसनाखाली होती. उशी उचलायची, टाकीचे झाकण फिरवून काढायचे, लाकडी पट्टी तळापर्यंत सोडायची आणि ओली रेघ कुठे आली ते वाचायचे. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून अधिक मॉडेल टी गाड्या तयार झाल्या. त्यांच्या डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा नव्हता. गॅरेजवाले आणि पेट्रोलविक्रेते आपले नाव छापलेल्या पट्ट्या जाहिरात म्हणून गिऱ्हाइकांना देत. त्यांवर गॅलनच्या खुणा असत.

या पद्धतीत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. पट्टी आणि पेट्रोल यांच्या मध्ये ना तार होती, ना चुंबक, ना बॅटरी. चुकीला वाव होता तो तिरप्या रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीत किंवा पट्टी वाकडी धरणाऱ्या हातात. अडचण एवढीच होती, की पाहण्यासाठी गाडी थांबवावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी पुढच्या शंभर वर्षांत जे काही घडले, तो पेट्रोलच्या काट्याचा इतिहास. या काळात चालकाचा डोळा आणि टाकीतले पेट्रोल यांच्यातले अंतर वाढत गेले आणि त्या अंतरात एकेक नवी कडी बसत गेली. काटा चुकू लागला, तर दोष यांपैकी कोणत्या तरी कडीत असतो. तो हुडकणाऱ्याची कारागिरीही काट्याच्या बरोबरीने वाढली.

पट्टी मात्र संपली नाही. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत आजही धातूची डिप रॉड सोडली जाते. ओल कुठवर आली ते पाहून तक्त्यावरून लिटर काढतात. रॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात. तळाशी पाणी साचले असेल, तर तिचा रंग बदलतो. अनेक पंपांवर आता टाकीतली पातळी सतत दाखवणारी स्वयंचलित यंत्रणा बसली आहे, तरी पडताळणीसाठी डिप घेतात.

मॉडेल टीनंतर 1927 च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए मध्ये फोर्डने टाकी काचेच्या खाली, डॅशबोर्डच्या पाठीमागे बसवली. काटा म्हणून जे दिसे, ती टाकीला ठेवलेली खिडकीच होती. आत बुचाच्या लाकडाचा फ्लोट तरंगे आणि त्याला जोडलेली आकड्यांची चकती काचेमागे फिरे. चालकाला बसल्या जागी पेट्रोल दिसू लागले, आणि काट्याचा पहिला खास आजारही जन्माला आला. बूच वर्षानुवर्षे पेट्रोल पिऊन जड होई आणि बुडू लागे. मग टाकी भरलेली असूनही काटा कमी दाखवी. उपाय म्हणजे फ्लोट बाहेर काढून वाळवायचा आणि त्यावर लाखेचा पातळ थर द्यायचा, नाहीतर नवा बसवायचा. काचेभोवतालची गॅस्केट सुकली, तर पेट्रोल थेट गुडघ्यांवर ठिबके. पेट्रोलची टाकी माणसांच्या मांडीसमोर ठेवणे धोक्याचे होतेच. 1932 च्या फोर्डमध्ये ती गाडीच्या मागच्या टोकाला गेली.

टाकी मागे आणि चालक पुढे. आता पातळीची खबर दहा-बारा फुटांवरून आणायची होती. मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावच्या किंग-सीली कंपनीने त्यासाठी हवेचा वापर केला. टाकीच्या तळाशी एक छोटी उलटी वाटी, तिच्यातून निघून डॅशबोर्डपर्यंत आलेली तांब्याची बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला काचेच्या नलिकेत लाल रंगाचा जड द्रव. टाकीत पेट्रोल जितके उंच, तितका वाटीतल्या हवेवर दाब जास्त, आणि तितका लाल द्रव वर चढे. हा द्रव पाण्याच्या जवळपास तिप्पट जड होता. म्हणूनच टाकीतली फूटभर उंची डॅशबोर्डवरच्या काही इंचांत मावत असे. दोन्ही महायुद्धांमधल्या काळात अनेक अमेरिकी गाड्यांत ही व्यवस्था होती.

ती सुंदर होती, पण नाजूकही होती. नळीच्या एखाद्या जोडातून हवा निसटली, की लाल रेघ हळूहळू खाली येई. नळीत पेट्रोलचा किंवा पाण्याचा थेंब अडकला, की रेघ एका जागी थिजून बसे. अशा वेळी मेकॅनिक नळी दोन्ही टोकांनी सोडवी, हातपंपाने हवा मारून ती कोरडी करी, जोड घट्ट आवळी आणि काचेतला द्रव शून्याच्या खुणेपर्यंत भरी. नळी न सोडवता हवा मारणाऱ्याचा द्रव काचेतून बाहेर उडे. काटा बिघडला तर आधी टाकी आणि डॅशबोर्ड एकमेकांपासून सोडवायचे आणि मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या, हा नियम तिथे पक्का झाला. पुढे नळीची जागा तारेने घेतली, नियम तोच राहिला.

युरोपात स्वस्त गाड्यांनी काटा बराच काळ टाळला. सित्रोएनच्या सुरुवातीच्या 2 सीव्ही गाड्यांत पेट्रोल मोजायला पट्टीच होती. फोक्सवॅगन बीटलच्या चालकाच्या पायाशी एक छोटी कळ असे. इंजिन आचके देऊ लागले, की ती पायाने फिरवायची, मग तळाशी राखून ठेवलेले सुमारे पाच लिटर पेट्रोल खुले होई. बीटलमध्ये काटा आला तो 1962 च्या मॉडेलपासून, आणि तोही आधी केबलने ओढला जाणारा.

महाराष्ट्राला ही रीत वेगळी सांगावी लागत नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून बाहेर पडलेली बजाज चेतक कित्येक वर्षे काट्याविना धावली. टाकीत दोन वाटा होत्या. एका नळीचे तोंड तळापासून थोडे उंच, दुसरी वाट अगदी तळाशी. उंच नळी कोरडी पडली, की स्कूटर घुटमळे. मग चालत्या गाडीवर हात खाली नेऊन पेट्रोल कॉक फिरवायचा. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य घराघरांत बोलले जाई आणि त्याचा अर्थ आता पंप गाठायचा, असा होई. या व्यवस्थेचा दोष यंत्रात नव्हता, आठवणीत होता. पेट्रोल भरल्यावर कॉक परत ‘ऑन’वर न आणणाऱ्याला पुढच्या खेपेला इशारा मिळत नसे.

विजेवर चालणारा काटा 1930 च्या दशकात मोटारींमध्ये स्थिरावला. त्याचे तत्त्व आजही बहुतेक गाड्यांत तेच आहे. टाकीतल्या फ्लोटला एक दांडी, दांडीच्या टोकाला छोटी धातूची जीभ, आणि ती जीभ रोधाच्या तारेवरून घासत सरकते. फ्लोट वर-खाली झाला, की रोध कमी-जास्त होतो, त्यानुसार प्रवाह बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. टाकीतल्या या जोडणीला गॅरेजमध्ये कोणी टँक युनिट म्हणतात, कोणी सेंडर, कोणी नुसतेच फ्लोट.

काटा हलवण्याच्या दोन रीती होत्या. जनरल मोटर्सच्या गाड्यांत दोन कॉइल्स असत आणि त्यांच्या चुंबकी ओढाताणीत काटा मधे कुठेतरी थांबे. बॅटरीचा व्होल्टेज वर-खाली झाला, तरी दोन्ही कॉइल्सवर सारखाच परिणाम होई, त्यामुळे वाचन फारसे बदलत नसे. पण असा काटा चपळ. वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले, की तोही डुलू लागे. फोर्डने 1935 पासून किंग-सीलीचाच दुसऱ्या प्रकारचा काटा घेतला. त्यात दोन धातूंच्या जोडपट्टीवर तार गुंडाळलेली असे. प्रवाहाने तार तापे, पट्टी वाके आणि काटा सरके. तापायला आणि निवायला वेळ लागे, म्हणून हा काटा आपोआप शांत राही. गाडी सुरू केल्यावर तो सावकाश चढतो, याचे कारण हेच.

तापणाऱ्या काट्याला मात्र स्थिर व्होल्टेज लागतो. इंजिन बंद असताना बॅटरी बाराच्या आसपास व्होल्ट देते, चार्जिंग सुरू झाले की चौदाच्या. तेवढ्या फरकाने काटा चुकू नये म्हणून ब्रिटनच्या स्मिथ्स कंपनीने डॅशबोर्डमागे सरासरी 10 व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर बसवला. मिनी आणि एमजीबी या गाड्यांत तो होता. फोर्डच्या अमेरिकी गाड्यांत अशाच डबीतून सरासरी 5 व्होल्ट येत. इथे आणखी एक कडी वाढली आणि तिच्याबरोबर निदानाची एक सोपी खूणही हाती आली. पेट्रोलचा काटा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर टाकीकडे जायचेच नाही. दोघांना वीज देणारा स्टॅबिलायझर किंवा त्याचे अर्थिंग पाहायचे. अर्थ तुटलेला स्टॅबिलायझर बॅटरीचा सगळा व्होल्टेज पुढे सोडून देतो.

भारतात ही विद्या वाढली ती मोजक्याच गाड्यांवर. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर बनत होती. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. एकच मॉडेल दशकानुदशके चालत राहिल्यामुळे ऑटो इलेक्ट्रिशियनला त्याचे दुखणे तोंडपाठ होई. हातात फक्त टेस्ट लॅम्प आणि तारेचा एक तुकडा असला, तरी काट्याचा तपास होत असे.

तपासाचा क्रम ठरलेला. इग्निशन चालू करून टँक युनिटवरची तार काढायची आणि काटा पाहायचा. मग तीच तार गाडीच्या बॉडीला टेकवायची आणि पुन्हा पाहायचा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, तर डॅशबोर्ड आणि मधली तार निर्दोष, दोष टाकीच्या बाजूला. काटा हललाच नाही, तर दोष पुढे. फ्यूज, तार किंवा खुद्द काटा. कोणत्या टोकाला जाईल, हे मात्र गाडीगणिक वेगळे. तापणाऱ्या काट्याच्या फोर्डमध्ये तार बॉडीला लावली की काटा ‘फुल’कडे जातो, जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत तो ‘एम्प्टी’ला येतो. फोर्डमध्ये तार जास्त वेळ टेकवून ठेवायची नसते, कारण आतली नाजूक तापतार जळू शकते.

याही आधी बघायचे ते अर्थिंग. टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसलेली असते, खाली चिखल आणि पाणी उडते, गंज चढतो. टाकीचा बॉडीशी असलेला संबंध कच्चा झाला, की काटा कधी बरोबर, कधी चूक दाखवतो. मागचे दिवे किंवा इंडिकेटर लावताच पेट्रोलचा काटा हलला, तर समजावे की सगळ्यांचा सामाईक अर्थ सैल झाला आहे. अशा वेळी टाकीपासून चासीपर्यंत एक नवी तार ओढली, जोडाखालचा रंग आणि गंज खरवडून काढला, की टाकी न उघडताच काम होते. टँक युनिट बदलूनही काटा तसाच राहिल्याच्या कहाण्यांमागे बरेचदा हा न पाहिलेला जोड असतो.

दोष खरोखर टाकीच्या आत असेल, तर युनिट बाहेर काढावे लागते. हे काम जपून करण्याचे. बॅटरीची तार आधी सुटी करतात, जागा मोकळी आणि हवेशीर निवडतात, आणि टाकीवरची गोल कडी फिरवायला लोखंडी छिन्नी न वापरता पितळी किंवा लाकडी ठोकळा घेतात, कारण ठिणगी पडली तर पेट्रोलची वाफ पेट घेते. बाहेर आलेल्या युनिटची दांडी मीटर लावून सावकाश वर-खाली करतात. आकडा सलग चढत-उतरत गेला तर ठीक. मधेच उडी मारली किंवा गायब झाला, तर तिथली रोधाची तार झिजली आहे. या तपासात आकड्यांच्या मीटरपेक्षा काट्याचा जुना मीटर सोयीचा पडतो, क्षणभराचा तुटकपणाही त्यावर डोळ्यांना दिसतो. थोडेथोडे पेट्रोल भरून चालवलेल्या गाडीत फ्लोट तळाच्याच पट्ट्यात फिरत राहतो, म्हणून तार तिथे आधी झिजते.

पितळी फ्लोटला सुईएवढे भोक पडले तर तो पेट्रोलने भरतो आणि बुडतो. कानाजवळ हलवला की आतला द्रव वाजतो. भोक शोधायला तो गरम पाण्यात बुडवतात, आतली हवा फुगते आणि बुडबुडे जागा दाखवतात. सोल्डर करण्याआधी आतले पेट्रोल आणि वाफ पूर्ण घालवावी लागते. जीभ आणि तार यांच्यात मळ धरला असेल, तर स्वच्छ करून जिभेचा दाब किंचित वाढवला, तरी युनिट पुन्हा काही वर्षे चालते.

जुने युनिट मिळाले नाही, की दुसऱ्या गाडीचे बसवण्याचा मोह होतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ, इथे जुने-नवे सुटे भाग मिळतात आणि दिसायला बरीच युनिटे एकसारखी असतात. पण प्रत्येक काट्याला त्याच्याच मापाचा रोध लागतो. जनरल मोटर्सने 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रिकाम्याला शून्य आणि भरलेल्याला 30 ओहम ठेवले, नंतर भरलेल्याचे 90 केले. जुन्या फोर्डमध्ये उलटे, रिकाम्याला सुमारे 73 आणि भरलेल्याला 10. जर्मनीच्या व्हीडीओ कंपनीच्या पुष्कळ युनिटांत रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180. मापे जुळली नाहीत, तर काटा हलतो, पण खरे सांगत नाही.

विमानात असाच घोटाळा जिवावर बेतला. 6 ऑगस्ट 2005 रोजी इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेरबाकडे निघालेले ट्युनइंटर कंपनीचे एटीआर-72 विमान इंधन संपून सिसिलीजवळ समुद्रात उतरले. 39 जणांपैकी 16 जण मरण पावले. तपासात आढळले, की इंधन दाखवणारे बिघडलेले उपकरण बदलताना त्यात लहान एटीआर-42 विमानाचे उपकरण बसवले होते. ते सहज बसले, चालूही झाले, आणि टाकीत नसलेले इंधन दाखवत राहिले.

त्याआधी 23 जुलै 1983 रोजी कॅनडात उपकरण आणि हिशेब या दोघांनीही दगा दिला होता. एअर कॅनडाच्या बोईंग 767 मध्ये इंधन मोजणाऱ्या यंत्रणेतला एक सोल्डरचा जोड कच्चा होता, आणि काटे कोरे पडले होते. कर्मचाऱ्यांनी मोजपट्ट्यांनी इंधन मोजले. टाक्यांत 7,682 लिटर असल्याचे त्यांनी बरोबर काढले. पण लिटरचे वजन काढताना त्यांनी किलोऐवजी पौंडांचा 1.77 हा गुणक लावला. देश तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. उड्डाणाला 22,300 किलो इंधन हवे होते, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमी भरले गेले. 41,000 फुटांवर उडत असताना इंधन संपू लागले आणि एकामागोमाग दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते प्रचंड विमान तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवले. सगळे वाचले.

मोटारींच्या काट्यांवर कधी पेट्रोलनेच घाला घातला. 2004 च्या मे महिन्यात फ्लोरिडा आणि आसपासच्या भागात अनेक गाड्यांचे काटे अचानक चुकू लागले. लुइझियानातल्या एका रिफायनरीच्या पेट्रोलमध्ये गंधकाचे प्रमाण वाढले होते आणि टँक युनिटमधले चांदीचे संपर्कबिंदू त्याने काळे पडत होते. शेकडो पंपांवरची विक्री थांबवावी लागली. त्यानंतर अमेरिकेत पेट्रोलच्या मानकांत चांदीवरील परिणामाची चाचणी आली. घासणाऱ्या जिभेऐवजी बंद डबीतला चुंबकी सेन्सर वापरण्याकडे कारखाने वळले, त्यामागे पेट्रोलपासून संपर्कबिंदू दूर ठेवण्याचा हेतू होता.

मुंबईच्या टॅक्सी पुढे सीएनजीवर गेल्या आणि फ्लोटच्या जागी दाबाचा मीटर आला. सिलिंडर 200 बारच्या आसपास दाबाने भरतो. भरताना गॅस तापतो, नंतर निवतो, आणि तेवढ्यानेच दाब उतरतो. म्हणून भरून निघाल्यावर थोड्याच वेळात मीटरवरचा एक दिवा विझला, तर ती गळतीच असेल असे नाही. तरीही वास आला किंवा उभ्या गाडीत दाब उतरत राहिला, तर तपासणी करून घ्यावीच लागते.

इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर पेट्रोलचा पंपही टाकीत गेला आणि पंप, जाळी आणि फ्लोट यांची एकत्र जोडणी झाली. बऱ्याच गाड्यांत ती मागच्या सीटखालच्या झाकणातून निघते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फ्लोट बिघडला तरी अख्खी जोडणी बदलण्याची रीत पडली. सुटा फ्लोट शोधून बसवणारे इलेक्ट्रिशियन गिऱ्हाइकाचे बरेच पैसे वाचवतात. फ्लोटचा संदेश आता थेट काट्याकडे न जाता संगणकाकडे जातो. तो काही वेळाची सरासरी काढतो, टाकीच्या वेड्यावाकड्या आकाराचा हिशेब धरतो आणि मग काटा हलवतो. त्यामुळे वळणावर काटा डुलत नाही. पण इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरले, तर काही गाड्यांत काटा बराच वेळ जुन्याच जागी राहतो. टाकी मधून दुभागलेली असेल तर दोन्ही भागांत वेगळे फ्लोट असतात आणि एकच बिघडला तर काटा अर्ध्यापर्यंत खरा व पुढे खोटा बोलतो. अशा गाडीत स्कॅनर लावून दोन्ही आकडे वेगवेगळे वाचावे लागतात.

विजेच्या मोटारीत पातळी दाखवायला फ्लोटही नाही. आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह मोजून संगणक शिल्लक काढतो, आणि बारीक चुका साठत जातात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो, म्हणून त्यावरून शिल्लक ओळखणे कठीण जाते. यासाठीच टेस्ला या प्रकारच्या बॅटरीच्या गाड्या आठवड्यातून एकदा 100 टक्के चार्ज करायला सांगते. पूर्ण भरल्यावर व्होल्टेज झपाट्याने चढतो आणि संगणकाला आपला हिशेब तिथून नव्याने मांडता येतो. दाखवलेले टक्के एकदम खाली घसरू लागले, तर अशा गाडीचा तपासही इथूनच सुरू होतो. आधी एकदा पूर्ण चार्ज, मग पुन्हा वाचन, आणि तरीही घसरण राहिली तर बॅटरीतल्या सेलचे व्होल्टेज एकेक करून तपासणे.